गाणं शिकायचंय, पण क्लासला पहिला फोन करायचीच भीती वाटते

आडवाटेचा
नमस्कार मंडळी,
गाणं शिकायचं बरीच वर्षं मनात आहे. कार्यक्रम करायचे नाहीत, परीक्षा द्यायच्या नाहीत. वय ४४. आजवर कानसेन म्हणूनच जगलो. आता आपला सा आपल्याला लावता यावा आणि एखादी बंदिश ठेका न सोडता म्हणता यावी, एवढीच इच्छा.

शिकवणाऱ्या एका बाईंचा नंबर मिळवून ठेवलाय. वेळ जमतेय, घरातून कुणाची ना नाही. तरी फोन काही होत नाही. नंबर काढतो, बघतो आणि 'आज नको, घसा बरा नाही' असं स्वतःलाच सांगून मोबाइल खिशात टाकतो. घसा ठणठणीत असतो.

भीती नेमकी कशाची तेही कळलंय. बाई म्हणणार, 'काहीतरी म्हणून दाखवा.' त्या क्षणाची. गाडीच्या काचा बंद असल्या की मी थेट तार सप्तकात हिंडून येतो, पण समोर एक जरी माणूस असला की आवाज बाहेर येत नाही. दुसरं म्हणजे तिथे सगळी लहान मुलं असणार आणि ती माझ्यापेक्षा बरी गाणार. तिसरं, रियाज करायचा म्हणजे अख्ख्या घराला तो ऐकवायचा.

तर प्रश्न असा: ही भीती आधी घालवायची आणि मग जायचं, की तिला सोबत घेऊनच जायचं? मोठेपणी गाणं किंवा कुठलंही वाद्य सुरू केलेल्यांनी कृपया लिहा. 'शिकायला वय नसतं' हे सोडून काहीही चालेल. ते ऐकून झालंय.

सतरंगी_पाकोळी
वाचतेय. गाण्याच्या जागी व्हायोलिन घाला, बाकी धागा माझाच.

रोखठोक
फोन लावा, 'शिकायचंय' म्हणा, ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.

शंकासुर
रोखठोक, पाण्यात ढकललेले काही जण पोहायला लागतात आणि काही जण पुन्हा काठावरही फिरकत नाहीत. त्या दुसऱ्या जातीच्या लोकांसाठी धागा आहे.

निषाद_कोमल
मी गाणं शिकवते. पेटीच्या पलीकडून काय दिसतं ते लिहिते, कदाचित उपयोग होईल.

नवा मोठा माणूस आला की मी त्याला लगेच गायला लावत नाही. आधी नुसत्या गप्पा. काय करता, काय ऐकता, कुणाचं गाणं आवडतं. यात आदरातिथ्याचा भाग कमी असतो. माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज सहज कुठे बसतो ते कळतं, आणि त्यावरून पट्टीचा, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा याचा, पहिला अंदाज येतो. मग पेटीवर एक सूर धरून 'आ' म्हणायला सांगते. पुरुष असेल तर काळी एकच्या (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास, बाई असेल तर काळी चार-पाचच्या. तिथून एकेक पट्टी वर-खाली सरकायचं. खाली मंद्र पंचमाला आवाज ऐकू येतो का, वर तार गंधार-मध्यमापर्यंत न ओरडता जातो का. गळ्याची शीर ताठ दिसली की मी थांबते आणि एक पट्टी खाली येते. 'हा माणूस चांगला गातो का' हा विचार त्या वेळात माझ्या डोक्यात नसतोच, कारण हात आणि कान दोन्ही दुसऱ्या कामात असतात.

पहिला सा बहुतेकांचा उतरलेलाच लागतो. श्वास वरच्या वर घेतलेला असतो, तो सरत आला की सूरही खाली येतो. मी बघते ते एवढंच, की मी पेटीवर सूर बदलला की समोरच्याचा आवाज त्या दिशेने हलतो का. सुरावर पोचला नाही तरी चालतं, दिशा बरोबर असली की पुढचं शिकवता येतं.

'काहीतरी म्हणून दाखवा' म्हणणारे शिक्षक आहेत, नाही असं नाही. त्यांना सरळ सांगायचं, 'एकट्याने जमणार नाही, तुमच्याबरोबर म्हणतो.' गुरूच्या आवाजात आवाज मिसळून गायचं ही आपल्याकडची जुनीच तालीम आहे, त्यात कमीपणा काही नाही.

आडवाटेचा
निषाद ताई, 'तुमच्याबरोबर म्हणतो' हे वाक्य लिहून घेतलं. खरंच.

बेताल_बादशहा
तबला. पन्नाशीत सुरू केला. बॅचमध्ये माझ्याखालोखाल वयाने मोठा मुलगा पाचवीत.

>>तिथे सगळी लहान मुलं असणार आणि ती माझ्यापेक्षा बरी गाणार<<

असणार आणि गाणार. दोन्ही टळत नाही, तेव्हा त्यावर डोकं शिणवू नका. पण मुलांना तुमच्यात काडीचाही रस नसतो. पहिल्या दिवशी 'हे काका कुणाला सोडायला आलेत' एवढं कुतूहल, मग तेही संपतं.

माझी पहिली लढाई 'ना'शी झाली. तर्जनी चाटेवर (तबल्याच्या काठावर) मारायची, मधलं बोट वर, आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकलेली ठेवायची. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात तर्जनी खाली गेली रे गेली की माझी अनामिका आपोआप वर उठायची आणि 'ना'च्या जागी 'थप्प' यायचं. शेजारचा पोरगा स्वतःचा ठेका न थांबवता म्हणाला, "काका, ते बोट उचलू नका. माझं पण उचलायचं." झालं, तेव्हापासून तो माझा मॉनिटर. तीनताल हातावर धरताना नवव्या मात्रेला 'खाली' (टाळी न देता नुसता हात) दाखवायची तिथे मी हमखास टाळी वाजवायचो, आणि तो लांबूनच मान हलवायचा.

माझी खरी भीती मांडी घालून बसण्याची होती. थोड्या वेळातच पायांना मुंग्या, उठताना धरायला भिंत लागायची. भिंतीजवळची जागा पकडा, हा माझा एकमेव मौलिक सल्ला.

सतरंगी_पाकोळी
भिंतीजवळची जागा!! हसून मेले.

नाडीपरीक्षा
डॉक्टर आहे, म्हणून शरीराच्या बाजूने दोन गोष्टी.

समोर कुणी ऐकायला बसलं की अॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार होतात, श्वास उथळ होतो, गळ्याचे स्नायू आखडतात. गाणाऱ्याची पंचाईत अशी की श्वास, तोंड आणि स्वरयंत्र हेच त्याचं वाद्य आहे. पेटीवाल्याची पेटी घाबरत नाही. त्यामुळे 'माझा आवाज बंद होतो' हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, खरोखरच तसं होतं.

यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे श्वास सोडायची वेळ लांबवणं. चार मोजत आत घ्या, सात-आठ मोजत सोडा. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाची गती कमी व्हायला मदत होते. शिवाय गाण्यात नेमकं हेच करायचं असतं, तेव्हा रियाजही झाला.

अजून एक. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. लोकांना कराओकेवर गायला लावलं आणि त्याआधी काहींना 'मी घाबरलोय' असं म्हणायला सांगितलं, काहींना 'मला हुरूप आलाय' असं. हुरूपवाले जास्त अचूक गायले. धडधड दोन्हीत तीच असते, तिला नाव कुठलं द्यायचं ते आपल्या हातात आहे.

कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच लिहितो: वादक मंडळी कार्यक्रमाआधी प्रोप्रॅनोलॉल (धडधड कमी करणारी गोळी) घेतात हे खरं आहे. दमा असणाऱ्यांना ती गोळी धोक्याची, आणि कुणीही ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. गाण्याच्या क्लाससाठी तर नकोच नको.

शंकासुर
डॉक्टरसाहेब, अभ्यास मान्य, पण तो इथे लागू पडेल असं वाटत नाही. कराओके म्हणजे एकदाच गायचं आणि घरी जायचं. क्लासला दर आठवड्याला त्याच माणसासमोर त्याच चुका घेऊन बसायचं असतं.

आणि माझ्या मते धागाकर्त्यांना भीती वाटतच नाहीये. भीती पुढे काय होईल याची असते. यांना काय होणार ते पक्कं ठाऊक आहे: पहिला सा चुकणार. फक्त तो चुकताना कुणी बघायला नको आहे. याला लाज म्हणतात, आणि लाजेवर श्वास मोजून उपाय होत नाही. साक्षीदार कमी करावे लागतात. म्हणून सुरुवातीला एकट्याची शिकवणी लावा. बॅच नको.

बेताल_बादशहा
कडाडून विरोध. एकट्याच्या शिकवणीत लपायला जागाच नाही हो! अख्खा तास सर आणि मी, मी आणि सर. बॅचमध्ये दहा तबल्यांत माझा 'थप्प' कुणाच्या बापाला ऐकू येत नाही.

निषाद_कोमल
तबल्याला बादशहांचं म्हणणं बरोबर आहे. गाण्याला एक अडचण आहे आणि ती मनाची नाही, पट्टीची आहे.

बॅच एका पट्टीत चालते. मुलं आणि बायका असतील तर पेटी काळी चार किंवा पाचला. तिथे मोठ्या पुरुषाने काय करायचं? त्याचा सा तिथे एक तर खूप वर लागतो, नाही तर सप्तकभर खाली जाऊन पुटपुटावं लागतं. मग पंचमाच्या वर गेलं की आवाज फाटतो. सगळे त्याच्याकडे बघतात आणि त्याला वाटतं आपला गळाच वाईट. गळ्याचा काही दोष नसतो, पट्टी चुकीची असते. 'मी बेसूर आहे' असं सांगत आलेल्या किती तरी पुरुषांचं दुखणं मी नुसती पट्टी बदलून बरं केलंय.

त्यामुळे आडवाटेचा, फोनवर एवढं विचाराच: 'पुरुषांची वेगळी पट्टी धरता का?' नसतील धरत, तर निदान सुरुवातीचे काही तास एकट्याचे मागा.

रोखठोक
हे मला माहीत नव्हतं. शाळेत आठवीनंतर माझं गाणं सुटलं ते यामुळेच असणार. आवाज फुटला, पट्टी तीच राहिली, बाई म्हणाल्या 'तू मागे बस.'

शंकासुर
रोखठोक मागच्या बाकावर बसून गप्प राहिले होते, याची इतिहासात नोंद व्हावी.

मुकी_मैना
मी फोनही केला, गेलेही, आणि सोडूनही दिलं. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते.

सरांचं नाव लिहीत नाही. गात उत्तम. पण कुणी चुकलं की त्याच्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघून हसायचे. नुसतं स्मित, बोलायचे काही नाही. सगळा वर्ग समजून जायचा. मी गंधाराला नेहमी घसरायची, तर गंधार जवळ आला की माझं लक्ष सुरावर नाही, सरांच्या चेहऱ्यावर असायचं. मग घसरायचीच. 'मला भीती वाटते, मीच कच्ची' असं समजून बरेच दिवस काढले.

आता बासरी शिकतेय, दुसऱ्यांकडे. पहिले काही दिवस बासरीतून नुसती हवा यायची आणि मला चक्कर. या सरांनी बासरी बाजूला ठेवायला लावली आणि म्हणाले, चक्कर आली की थांबायचं, ती तुम्ही जोर लावताय म्हणून येते. एवढंच. चेहऱ्यावर काही नाही.

तेव्हा माझं म्हणणं: क्लास लावण्याआधी 'एक तास नुसतं बसून ऐकू का?' असं विचारा. नाही म्हणाले तर तिथेच कळलं. हो म्हणाले तर चांगल्या विद्यार्थ्याकडे बघू नका. सगळ्यात कच्चा विद्यार्थी शोधा आणि तो चुकला की शिक्षक काय करतात ते बघा.

आडवाटेचा
मैना, हे फार कामाचं आहे. ऐकायला जायला मला अजिबात भीती वाटत नाही. तिथे मी माझ्या जागी असतो.

गुळगुळीत_दगड
मोठमोठ्यांचीही हीच गत होती हे लक्षात ठेवा. पियानोवादक होरोविट्झ १९५३ मध्ये मैफलींतून बाजूला झाला तो १९६५ पर्यंत लोकांसमोर बसला नाही. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड १९६७ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात शब्द विसरली, त्यानंतर तिकीट लावून कार्यक्रम करायला तिला जवळजवळ २७ वर्षं लागली.

रोखठोक
आदर आहे, पण त्यांच्याकडे घालवायला नाव होतं. आपल्याकडे काय आहे? आडवाटेचा, तुमची प्रतिष्ठा शून्य आहे, हा तुमचा सर्वांत मोठा फायदा. (चांगल्या अर्थाने घ्या.)

आडवाटेचा
घेतलं. फ्रेम करून लावतो.

सूरदास_नव्हे
मला तर वेगळीच शंका. कान नसलेच तर? आमच्याकडे सगळे मला औरंगजेब म्हणतात. क्लास लावायचा, पैसे भरायचे आणि नंतर कळायचं की मुळातच काही नाही.

नाडीपरीक्षा
सुरांमधला फरक जन्मतः कळतच नाही अशी अवस्था असते, तिला अम्युझिया म्हणतात. १९८० च्या एका अभ्यासात तिचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास धरलं होतं, २०१७ मधल्या मोठ्या पाहणीत ते दीड टक्क्यावर आलं. म्हणजे बेसूर म्हणून ओवाळून टाकलेल्यांतले बहुतेक जण त्यात बसत नाहीत.

सोपी परीक्षा: ओळखीचं गाणं दुसरा कुणी चुकीच्या सुरात म्हणायला लागला की तुमचं तोंड वाकडं होतं का?

सूरदास_नव्हे
होतं. बायको अंघोळीला गेली की रोज होतं.

नाडीपरीक्षा
मग कान शाबूत आहेत. बाकीचं शाबूत राहायचं असेल तर हा प्रतिसाद तिला दाखवू नका.

अॅपवाले_आजोबा
निवृत्तीनंतर पेटी शिकतोय. माझा सल्ला: आधी घरी मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावा, अलंकार (सुरांचे सरावाचे पलटे) म्हणा, रेकॉर्ड करा, ऐका, सुधारा. यूट्यूबवर सगळं आहे. थोडी तयारी करून गेलं की भीतीच राहत नाही.

निषाद_कोमल
आजोबा, तानपुरा लावून नुसतं बसणं उत्तम. डोळे मिटून सा ऐकायचा, वाटलं तर त्याच्यात आवाज सोडायचा. पण यूट्यूबवरून अलंकार पाठ करून येणाऱ्यांना हात जोडते. गळ्यात चुकीचा बसलेला निषाद काढायला, नवा शिकवायला लागतो त्याहून जास्त वेळ लागतो. 'तयारी करून जाऊ' ही भीतीचीच दुसरी युक्ती आहे, तयारी कधी पुरी होत नाही.

अॅपवाले_आजोबा
बाई, मतभेद नोंदवतो. मी तसाच गेलो आणि बरा चाललोय. पेटीवर सूर आयता मिळतो म्हणून कदाचित.

मुकी_मैना
रेकॉर्डिंगबद्दल सावधान. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं मोबाइल बिघडलाय.

नाडीपरीक्षा
तो सगळ्यांनाच परका वाटतो. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून खालचे सूर जास्त पोचतात, म्हणून आतून आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो, आवाज पातळ वाटतो. बाकीचे लोक मात्र तुमचा तोच पातळ आवाज आधीपासून ऐकत आलेत आणि त्यांना त्यात काही गैर वाटत नाही.

गुळगुळीत_दगड
>>पेटीवर सूर आयता मिळतो<<

आयता मिळतो पण खरा मिळत नाही. पेटीचे सूर समान अंतरावर बसवलेले, तिथला गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. उगाच नाही आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती.

अॅपवाले_आजोबा
आणि १९७१ नंतर ती सैलही केली. शिवाय भल्याभल्या गायकांच्या साथीला पेटीच असते. आमच्या बोटांना मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) येत नाही हे मान्य, बाकी काही मान्य नाही.

गुळगुळीत_दगड
साथ वेगळी आणि गळा तयार करणं वेगळं. नवशिक्याने पेटीवर गळा घासला की...

शंकासुर
पेटी विरुद्ध तानपुरा यासाठी स्वतंत्र धागा काढा, मी पहिल्या रांगेत बसतो. इथे एक माणूस फोन करायला घाबरतोय.

सतरंगी_पाकोळी
घरच्या रियाजाबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझी खरी अडचण तीच. व्हायोलिन सुरुवातीला कसं वाजतं ते सगळ्यांना माहीत आहे.

निषाद_कोमल
गाण्यापुरतं सांगते. खर्जाचा रियाज मुळात हळूच करायचा असतो. मंद्र सा-नी-ध-प, एकेक सूर एका श्वासात, दार लावलं तर शेजारच्या खोलीतही फारसं जात नाही. घरच्यांना त्रास तार सप्तकाचा होतो, आणि तिथवर पोचायला तुम्हाला वेळ आहे.

बेताल_बादशहा
तबलेवाल्यांनी मांडीवर वाजवावं. बोल तोंडाने म्हणायचे, बोटं मांडीवर. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली माझा सगळा दादरा बसला.

घरच्यांचं म्हणाल तर पहिल्यांदा सगळे ऐकतात, मग सगळे सहन करतात, मग कुणी ऐकतही नाही. एकदा मी रियाज केला नाही तर मुलगी म्हणाली, "आज फ्रिजचा आवाज येतोय का वेगळा?"

गुळगुळीत_दगड
पाकोळी, व्हायोलिनला म्यूट मिळतो, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवर) बसवायचा. मैफलीचा म्यूट लहान असतो, रियाजाचा जाड रबरी किंवा धातूचा. रियाजाच्या म्यूटने आवाज चांगलाच दबतो. मात्र रोज तोच लावून वाजवू नका, गजाचा दाब किती द्यायचा ते कानाला कळेनासं होतं.

सतरंगी_पाकोळी
धन्यवाद! हे कुणीच सांगितलं नव्हतं.

रोखठोक
आडवाटेचा, फोनचं काय झालं?

आडवाटेचा
फोन केला नाही. मेसेज केला. 'नमस्कार. मला गाणं शिकायचं आहे. वय ४४, याआधी शिकलेलो नाही. एकदा तास बसून ऐकायला येऊ का? पुरुषांसाठी पट्टी वेगळी धरता का?' पाठवून मोबाइल पालथा ठेवला आणि गच्चीवर गेलो.

परत आलो तर उत्तर: 'जरूर या, शनिवारी संध्याकाळी. पट्टी प्रत्येकाची बघूनच ठरवते. तुम्ही कुठल्या पट्टीत गाता?'

आता याचं काय उत्तर देऊ? गाडीत गातो ती कुठली पट्टी असते?

बेताल_बादशहा
चौथा गिअर.

निषाद_कोमल
'माहीत नाही' असं लिहा. विचारायचं म्हणून विचारलंय त्यांनी, उत्तर आलं नाही तरी त्या काढतीलच. उगाच अंदाजाने 'काळी दोन' वगैरे लिहू नका, मग त्या तिथून सुरुवात करतील आणि तुम्ही पंचमाला अडकाल.

शनिवारी नुसतं ऐकायला जायचं ठरलंय ना, मग तसंच राहू द्या. त्यांनी 'बसा, म्हणून बघा' असं म्हटलं आणि वाटलं तर म्हणा, नाही तर 'पुढच्या वेळी' म्हणा. जायच्या आधी पोटभर जेवू नका, एवढी एक काळजी घ्या, श्वास नीट घेता येत नाही.

आडवाटेचा
'माहीत नाही' पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवलाय.

धडधड तशीच आहे, शंकासुरांची लाजही तशीच आहे. पण नुसतं ऐकायला जायचंय म्हटल्यावर शनिवार कॅलेंडरमध्ये टाकता आला.

शंकासुर
लाज माझी नाही हो, तुमची. बाकी छान.

सतरंगी_पाकोळी
मीही आजच मेसेज टाकते. पण मला आधी व्हायोलिन घ्यावं लागेल ना? ते निवडायचं कसं तेच कळत नाही, म्हणून अडलंय.

गुळगुळीत_दगड
अजिबात घेऊ नका. आधी शिक्षक गाठा, बहुतेकांकडे पहिल्या काही तासांपुरतं एखादं जादा व्हायोलिन असतं किंवा भाड्याने कुठे मिळेल ते त्यांना ठाऊक असतं. मोठ्या माणसाला साधारण पूर्ण आकाराचंच लागतं, पण हात आखूड असेल तर एक नंबर लहान बरं पडतं, आणि ते हातात दिल्यावरच कळतं. शिवाय बसून शिकवणार की उभ्याने, तेही विचारा. आपल्या पद्धतीत मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. पाश्चात्त्य पद्धतीत खांदा आणि हनुवटीत धरतात.

बेताल_बादशहा
मांडी घालून असेल तर भिंत. भिंत विसरू नका.